तपासणीआधी पाय तोडण्याबाबत

दि. १४ मार्च

प्रति,
मा. पशुकल्याण अधिकारी,
पशुकल्याण कार्यालय.

विषय: पाय तोडण्याचे यंत्र तपासणीच्या टेबलानंतर बसवण्याचा आदेश मिळण्याबाबत.
संदर्भ: याच विषयावरचे माझे आधीचे दोन अर्ज.

महोदय,

निरोगी कोंबडीचा तळपाय फिकट पिवळा असतो. ओल्या तुसावर बसून राहिलेल्या कोंबडीच्या तळपायाच्या मधोमध मसुरीएवढा काळा डाग पडतो. तो घासून जात नाही, कारण तो मळ नसून तुसात मुरलेल्या विष्ठेच्या अमोनियाने भाजलेली कातडी असते.

मी मांस प्रक्रिया केंद्रात तपासनीस आहे. 'पायांना जखमा आढळल्या नाहीत' असा दाखला मी दिला, तरच सुपरमार्केटच्या पाकिटावर 'सुखात वाढवलेली' हा शिक्का लागतो. गेल्या दुरुस्तीत पाय तोडण्याचे यंत्र माझ्या टेबलाच्या आधी बसवले गेले. तेव्हापासून माझ्यासमोर बिनपायांच्या कोंबड्या येतात. व्यवस्थापकांच्या मते पायच नाहीत तर जखमा आढळणार कुठून. म्हणजे दाखला खराच. "आणि मॅडम, पाय काय पाकिटात जातात का?"

पहिल्या अर्जावर आपण कळवलेत की, टेबल अस्तित्वात असल्याने नियमाची पूर्तता होते. दुसऱ्या अर्जावर मला मोठा दिवा मंजूर झाला. त्याबद्दल आभारी आहे. त्याच्या उजेडात पाय नसल्याचे अधिक स्पष्ट दिसते.

या कोंबड्या वाढतात त्या शेडमध्ये मी जाऊन आले. तूस बदललेले नाही. कोंबड्यांचे वजन इतक्या झपाट्याने वाढवले जाते, की पाण्यापर्यंत चार पावले टाकून त्या खाली बसतात आणि बसल्या जागी भाजतात.

नव्या दाखल्यावर मी आजवर 'निर्णय बाकी' एवढेच लिहीत आले. शिक्का जुन्या दाखल्यावर चालू राहिला. काल माझ्या जाऊबाईंनी तेच पाकीट आणले. सासूबाईंनी शंका काढली, तर त्या म्हणाल्या, "अहो आई, घरचीच सही आहे. डोळे झाकून शिजवा."

जुन्या दाखल्याची मुदत आज संपली. व्यवस्थापक नवा दाखला आणि पेन घेऊन टेबलाशी उभे राहिले. "उगाच ताणू नका, मॅडम. गाड्या भरून उभ्यात." मी उत्तर दिले, यंत्राच्या आवाजात त्यांना ऐकू गेले नाही. म्हणून पट्ट्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "पाय दिसेपर्यंत मी सही करणार नाही."

आदेशाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
तपासनीस, मांस प्रक्रिया केंद्र

सोबत: यंत्राखालच्या टोपलीतील तळपाय, एक जोडी, बर्फात.