चेहरा चौकटीत ठेवा

सोमवार, ४ मार्च
आलो एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी वही. दिवसभर काचेवर बोटं घासायची, मग संध्याकाळी तरी कागदावर पेन टेकवावं म्हणून लिहिणं हातानेच. घर दोन खोल्यांचं, पहिल्या मजल्यावर. नळाला पाणी आहे, दाराला भक्कम कुलूप आहे आणि खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमची चिमणी कितीही नाचली तरी तक्रार यायची नाही. चिमणी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सहा. तिचे बाबा जाऊन तीन वर्षं होतील. तेव्हापासून आम्ही दोघीच एकमेकींना. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दुकान तिच्या शाळेपासून पाच मिनिटांवर. मोबाईल आणि कॉम्प्युटर, दोन्हींची दुरुस्ती. मालकांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते प्रत्येक काम पेपर तपासल्यासारखं तपासतात. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक आजोबा, फोन मुका झाला म्हणून हवालदिल. बाजूचं आवाजाचं बटण खाली सरकलं होतं, बस. मी ते वर सरकवलं तर आजोबांनी मला तोंडभर आशीर्वाद दिला. एवढ्या स्वस्तात आशीर्वाद दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो?

बुधवार, ६ मार्च
मास्तरांचे नियम आज पाठ केले. काम घेताना चिठ्ठी लिहायची, त्यावर गिऱ्हाइकाचा नंबर, तक्रार आणि फोनचा पासवर्ड. प्रत्येक दुरुस्तीनंतर चाचणी घ्यायची, चाचणीशिवाय काम झालं म्हणायचं नाही. हे मला पटतं, माझा हातच तसा आहे. पुढचा कॅमेरा तपासताना आपला चेहरा नोंदवून बघायचा, आणि गिऱ्हाईक जायच्या आत तो काढून टाकायचा. चिठ्ठीवर त्यासाठी वेगळा रकाना आहे, 'चेहरा काढला'. आपला चेहरा दुसऱ्याच्या फोनात राहू द्यायचा नाही, असं मास्तर म्हणाले. मी विचारलं, राहिला तर काय होतं? म्हणाले, माझ्या गुरूंनी सांगितलं, मी ऐकलं. मी मनातल्या मनात हसले.

शुक्रवार, ८ मार्च
आज मैदान मारलं! करड्या स्वेटरातल्या एक बाई आल्या. तक्रार काय, तर फोन मला ओळखत नाही. मी म्हटलं, अहो, माझे नातेवाईक मला ओळखत नाहीत, तुम्ही फोनचं काय घेऊन बसलात. त्या हसल्या नाहीत. चार दुकानं झाली म्हणाल्या, सगळ्यांनी हात टेकले.

मग मी पदर खोचला. कॅमेऱ्याची काच पुसली, स्क्रीनवरचा जाड थर काढला, सॉफ्टवेअर नवं घातलं, जुनी नोंद पुसून नव्याने घ्यायला लागले. स्क्रीनवर तेच नेहमीचं, चेहरा चौकटीत ठेवा, मान हळूहळू गोल फिरवा. हिरवं वर्तुळ अर्ध्यावर यायचं आणि थांबायचं. खिडकीपाशी नेलं, दिव्याखाली बसवलं, सात वेळा केलं. शेवटी कॅमेराच गेलाय का ते बघायला माझा चेहरा नोंदवला. एका दमात वर्तुळ पूर्ण. आता तो काढणार, एवढ्यात स्क्रीन बंद झाली. बाईंनी फोन घेऊन सहज समोर धरला आणि तो उघडला!

आत नोंद फक्त माझी होती. पण काही फोनांची नजर कच्ची असते, थोड्या साम्यावरही उघडतात. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं म्हणाल्या. मास्तर मागे उभे राहून कौतुकाने बघत होते. माझी नोंद काढली असती तर फोन पुन्हा बंद आणि माझं नाक कापलेलं. मी रकान्यात बरोबरची खूण केली आणि फोन देऊन टाकला. पहिलं अवघड काम म्हणून चिठ्ठीची माझी प्रत या वहीत जपून ठेवली आहे.

गंमत म्हणजे, त्या बाईंचा चेहरा आता आठवू म्हटलं तर आठवत नाही.

सोमवार, ११ मार्च
आज माझाच फोन मला ओळखेना. काच पुसली, बंद करून चालू केला, नोंद नव्याने घ्यायला गेले. वर्तुळ अर्ध्यावर थांबलं. चिमणी म्हणाली, आई, तू दुसऱ्यांचे फोन बरे करतेस, तुझा कोण करणार? दोघी खूप हसलो. पासवर्डने चालतंय तोवर चालू दे.

बुधवार, १३ मार्च
दुकानाच्या हजेरीच्या मशीननेही आज तोंड फिरवलं. अनोळखी व्यक्ती, असं तीनदा म्हणालं. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन माझं नाव पुसून परत घातलं. वर्तुळ अर्ध्यावर. तेच अर्ध्यावर.

दुपारी त्या बाईंना फोन केला. म्हटलं, एक छोटं काम राहिलंय, दोन मिनिटं येऊन जा. त्या म्हणाल्या, फोन अगदी छान चाललाय, दिवसातून शंभरदा उघडून बघते, कशाला हात लावायचा? आणि ठेवून दिला. मला मुळीच आवडलं नाही. त्यांचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, एवढंच.

शुक्रवार, १५ मार्च
सकाळी दुकानात शिरले तर मास्तरांनी मान वर करून विचारलं, बोला ताई, काय हवं होतं? मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. मी नाव सांगितलं, तेव्हा कुठे डोळे चोळत म्हणाले, अरेच्चा, तूच की, चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय. दिवसभरात आणखी दोनदा तसंच झालं.

घरी येऊन आरशापुढे उभी राहिले. मीच आहे. पण नीट बघायला गेलं की काहीतरी निसटतं. नाक बघावं तर डोळे आठवेनासे होतात.

त्या बाईंचा फोन आता लागत नाही. पत्ता आम्ही लिहून घेत नाही. मी ती खूण का केली? एवढ्याशा कौतुकासाठी?

सोमवार, १८ मार्च
शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी गेले. तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, चिमणीला तिची आई मघाशीच घेऊन गेली. पळत घरी आले. चिमणी जिन्यात बसून केळं खात होती. मी तिला छातीशी धरलं तर बिचारी गुदमरली. म्हणाली, आई, असं काय करतेस, तूच तर आणलंस मला, आणि आत्ता आणखी केळी घ्यायला परत गेलीस ना?

तिने मला ओळखलं. अजून ओळखते. बाकी सगळं गेलं तरी चालेल.

मास्तरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, तो फोन मिळव आणि नोंद काढ, दुसरा इलाज मला ठाऊक नाही. आणि लगेच विचारलं, पण ताई, तुम्ही कोण?

मंगळवार, १९ मार्च
आज ती दिसली. शाळेच्या फाटकाशी, करड्या स्वेटरात, चिमणीचा हात धरून. मी रस्त्याच्या या बाजूला. तिने वळून पाहिलं आणि तो चेहरा माझा होता. माझी हनुवटी, माझ्या भुवया, डाव्या गालावरचा माझा तीळ.

मी ओरडले. चिमणीने माझ्याकडे बघितलं आणि त्या बाईच्या मागे लपली.

माझी लेक मला भ्यायली.

बुधवार, २० मार्च
घरमालकीणबाईंनी जिन्यात अडवलं. कोण तुम्ही, वर कुणाकडे? वर ती होती, घरमालकीणबाईंनीच आपल्याकडची किल्ली दिली असणार. खिडकीतून चिमणीच्या हसण्याचा आवाज येत होता. चौकीवर गेले, ओळखपत्र दाखवलं. साहेबांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. म्हणाले, हे ज्यांचं आहे त्यांना नेऊन द्या.

बस स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. वही मला ओळखत नाही, पण निदान हाकलतही नाही.

शुक्रवार, २२ मार्च
काल दुकानासमोर उभी राहिले. माझ्या टेबलावर ती. माझं काम करतेय, मास्तर खूश आहेत. आज शाळेच्या कुंपणातून चिमणीला हाक मारली. आम्हा दोघींनाच ठाऊक असलेलं सगळं सांगितलं. तिचे बाबा तिला काय म्हणायचे. ताप आला की ती माझा कान धरून झोपते ते. ती दप्तराचा पट्टा घट्ट धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, काकू, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?

काकू.

मला मरायचं नाही. मरून ती मला मिळणार नाही.

शनिवार, २३ मार्च
वही उलटली आणि चिठ्ठी खाली पडली. चिठ्ठीवर पासवर्ड आहे! सहा आकडे, माझ्याच अक्षरात. चेहऱ्याची गरजच नाही. फोन फक्त हातात यायला हवा.

घराची किल्ली अजून माझ्याकडे आहे. किल्ली तोंड बघत नाही.

रविवार, २४ मार्च, सकाळ
स्टँडवरून चिमणीच्या खेळण्यासाठी घरी ठेवलेल्या माझ्या जुन्या मोबाईलवर फोन केला. चिमणीने उचलला. आई आंघोळीला गेलीय, तुम्ही कोण बोलताय?

धावले. घरमालकीणबाई झोपाळलेल्या. कुलूप उघडलं. तिचा फोन ओट्याजवळ चार्जिंगला. आकडे टाकले. उघडला. सेटिंग. नोंदवलेला चेहरा, एक. काढून टाकायचा का? हो. हो. हो.

चिमणी किंचाळली. ती बाई ओल्या केसांनी बाहेर आली, माझ्या हातात फोन बघितला आणि भिंतीला टेकून खालीच बसली. भांडली नाही. म्हणाली, जन्मभर मला कुणी ओळखलं नाही, आईनेसुद्धा नाही, आठवडाभर कुणीतरी आई म्हणालं. बदल लागू व्हायला थोडा वेळ जाईल म्हणाली. आणि फोन मुलीच्या हातात देऊ नका, ती सारखी मागते, मी कधी दिला नाही. मोठ्यांचा चेहरा हळूहळू जातो, म्हणाली. लहानांचा चेहरा अजून पक्का बसलेला नसतो, एका झटक्यात जातो. मग करडा स्वेटर घालून, फोन तसाच माझ्या हातात सोडून ती गेली. तिच्या तोंडाकडे बघितलं, तर आताही लक्षात राहिलं नाही.

त्याच दिवशी, अकरा वाजता
चिमणी पलंगाखाली. बाहेर येत नाही. आई कुठे गेली, आईला बोलवा— तेच तेच. मी म्हणते मी आहे गं, मी आहे, तर कान झाकून घेते.

वेळ जाईल म्हणाली. किती वेळ? काम झालंय की नाही ते कळायला नको? फोनमध्ये नवी नोंद उघडली आणि माझा चेहरा धरून बघितला. वर्तुळ अर्धं— पाऊण— पुढे सरकतंय. म्हणजे परत येतोय! पुरं व्हायच्या आत घाबरून हात मागे घेतला. पुन्हा नको. फोन पलंगावर टाकला.

जीव भांड्यात पडला. दाराशी बसून लिहितेय. थांबायचं फक्त. थांबायचं.

साडेअकरा
रडणं थांबलं. पलंगाखालून बाहेर आल्याचा आवाज. मी वळत नाही, बघितलं तर पुन्हा घाबरेल. लिहीत राहते. लिहीत—

आई, म्हणाली. मागून. आई, तू आलीस!

देवा. लागू झाला बदल. ओळखलं मला, माझ्या चि—

वळले. तिच्या हातात तो फोन. स्क्रीन चालूच होती, मी बंद केली नव्हती, मी लिहीत बसले होते— चौकटीत तिचं तोंड, मान गोल फिरवतेय, हसतेय, वर्तुळ पूर्ण हिरवं—

हिसकावला. काढून टाकते. आकडे— चिठ्ठी कुठे आहे, आकडे—

एक मुलगी माझा पदर ओढतेय. निळा फ्रॉक. आई आई म्हणून रडतेय. कुणाची आहे ही, वर कशी आली? घरमालकीणबाईंना विचारलं पाहिजे. तिची आई शोधत असेल बिचारी.

पलंगाखाली बघितलं. माझी चिमणी तिथे नाही. स्वयंपाकघरात नाही. जिन्यात नाही. ही मुलगी सोडत नाही, हात काढू देत नाही, आणि मला माझ्या लेकीला शोधायला जा—