चुलीत गेलेली कागदाची शाळा

प्रिय कुसुम,

मला पत्र लिहायची सवय नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? माहेरी दोन वर्षं पंतोजीकडं गेले, तेवढीच माझी शाळा. तरी आज दुकानातला पुडा बांधायचा कागद घेऊन बसले आहे. दुपारी तुझी मथी मला असं काही म्हणाली की भाकरी ताटात तशीच ठेवून उठले.

पोरगी ज्वारीच्या कणगीमागं पाठमोरी बसली होती. मी नुसती हाक मारली, तर हातातलं परकरात लपवलं. काय आहे गं, म्हणून दरडावलं, तेव्हा कागदाची अर्धवट घडी पुढं केली आणि म्हणाली, "मोठ्याई, चुलीत घालू नको."

सात वर्षांचं लेकरू! तुला जाऊन अजून तीन महिने झाले नाहीत, आणि मी तिच्या लेखी कागद जाळणारी बाई.

माझी धाकटी जाऊ तू, सोलापूरकडची. तिकडं तेव्हा इंग्रजाचं राज्य, तुमच्या शाळेत म्हणे कागदकामसुद्धा शिकवायचे. इथं निजामाच्या मुलखात, मुरुडात आल्यावर तू काय पाहिलंस? मराठीचे मास्तर गाव सोडून गेले, शाळेला कुलूप लागलं, आणि सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. त्यात बाजारात निजामाचे बंदूकवाले फिरायला लागलेले. तू म्हणालीस, पोरांना मी घरीच शिकायला बसवते. मी तोंडावर म्हटलं, कागद दुमडून कुणी शहाणं झालंय का?

तू रागावली नाहीस. तुझं हेच मला लई टोचायचं.

माझ्या बाळूला मास्तरांनी छड्या मारमारून पावकी आली नव्हती. तू एक चौकोनी कागद घेतलास. मधोमध घडी घातली, अर्धा. पुन्हा घडी घातली, पाव. मग एकेक चौकट उलगडत त्याच्याकडून म्हणवून घेतलंस, "एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण." दोन दिवसांत पोरगा दुकानात पावशेर-अर्धशेर बोलायला लागला. मी दाराआडून ऐकत होते. चांगलं झालं, असं एका शब्दानं म्हणाले का तुला? न्हाई.

निळ्या कागदाची अक्षरं तू कापलीस, कणकेची खळ करून पुठ्ठ्यावर चिकटवलीस. मथी डोळे मिटून बोटानं चाचपायची आणि सांगायची, हा ग, हा म. एकदा मीही गुपचूप चाचपून पाहिलं होतं. तुला सांगितलं नाही, आता सांगते.

मग तो नकाशा. पतंगाच्या कागदाचे तुकडे चिकटवून पोरांनी हिंदुस्थान केला. सोलापूरकडचा भाग लाल, आपली निजामाची रियासत पिवळी. पिवळा कागद मध्येच संपला, तर मथीनं उरलेल्या जागी लाल चिकटवून टाकला. पाहिलं तर काय, सोलापूर आणि आपण एका रंगात! तू हसलीस आणि तो आतल्या खोलीत लावलास. त्या दिवसांत एवढ्यावरूनही, रियासत हिंदुस्थानात मिळवायला निघालेत म्हणून, माणसाला ओढून नेत होते, हे तुला कळत नव्हतं का? मी म्हटलं, काढ तो. तू म्हणालीस, "बाई, ही भिंत आतली आहे. इथं तरी पोरांना खरं दिसू द्या."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या आळीत तलाशी सुरू झाल्याची बोंब आली. तू नकाशा काढून माझ्या हातात दिलास. हे मी विसरले नाही, कुसुम, तू स्वतःच दिलास. म्हणालीस, हा चुलीत घाला, बाकीचं राहू द्या. मी ऐकलं नाही. तुझी पेटी ओढली आणि सगळं चुलीत घातलं. अक्षरं, घड्या, पाखरं, पाळणे, वर्षाची मेहनत. तू माझा हात धरलास, मी झटकला. पोरं उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

ते बंदूकवाले चौघं आले. पेटी पाहिली, धान्य उपसलं, पाणी प्यायले. एकाला दारातच पोरांच्या खेळातून राहिलेला कागदाचा बेडूक सापडला. त्यानं मागच्या घडीवर बोट दाबलं, बेडूक टुणकन उडाला.

"ये कौन बनाए?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, पोरांनी. तो हसला, दाढीवरचं पाणी पुसलं आणि बेडूक खिशात घालून गेला. बंदूक घेऊन आलेला माणूस तुझा बेडूक जपून घेऊन गेला, आणि तुझी अक्षरं मी जाळली.

त्यानंतर तू माझ्याशी अकरा दिवस बोलली नाहीस. मीही बोलले नाही. थोरली ना मी! बाराव्या दिवशी तुला ताप भरला. लातूरचा रस्ता बंद, डॉक्टर आणणार कुठून? तापात तू एवढंच विचारलंस, पोरांची पावकी कुठवर आली? मी म्हटलं, पोरांचं सोड, आधी काढा पी. पाठ झाली, असं म्हणायला माझं काय जात होतं? खरंच झाली होती गं. ते ऐकायच्या आत त्याच तापात तू गेलीस.

तेव्हापासून या घरात शाळा नाही. कुणी कागदाला हात लावला की मीच ओरडत होते. पोरं चोरून घड्या घालतात, हे मला आज कळलं.

आज कणगीमागं मी मथीच्या शेजारी बसले. म्हटलं, दाखव मला. माझी घडी दोनदा वाकडी गेली, तिसऱ्यांदा कागद फाटला. मथीनं भीत भीत सांगितलं, मोठ्याई, कोपऱ्याला कोपरा लाव, मग नख फिरव. मला रागच आला होता, पण गिळला.

तर ऐक. उद्यापासून दुपारची जेवणं झाली की दार लावून मी दोघांना घेऊन बसणार. घड्या मथीनं शिकवायच्या, हिशेब बाळूनं म्हणायचा, अक्षरं मी कापायची. गल्लीत कुणी आलं तर कागद कणगीत जातील, चुलीत जाणार नाहीत. भीती अजून तेवढीच वाटते, खोटं कशाला बोलू? पण माझं चुकलं तर पोरांनी तोंडावर सांगायचं, एवढी मुभा मी आज त्यांना दिली. तुला कधी दिली नव्हती.

तुझ्याशी अकरा दिवस न बोललेली,
तुझी थोरली जाऊ
भागीरथी