लिफ्ट बंद आहे

दि. ३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
मोठ्या काकूचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, म्हणजे तुझ्या काकांचा खोकला आणि माझी टाच सोडून. हे पत्र दुकानात फोडू नकोस, खोलीवर जाऊन वाच. फोन केला असता, पण तो खालच्या औषधवाल्याकडे, आणि गिऱ्हाईक नसलं की आमचं बोलणं ऐकणं हाच त्याचा विरंगुळा.

तुझ्या आईचं ऑपरेशन एकवीस तारखेला ठरलं, हे तुला कळलंच आहे. गाठीबरोबर जिभेची थोडी कडही जाणार. मग दीड-दोन महिने नळीने पातळ घ्यायचं, आणि पुढे चव किती राहील ते डॉक्टरही सांगत नाहीत. आत्ता मात्र तिखट आणि गरम सोडून मऊ, गार काहीही चालेल, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून मी ठरवलं आहे की तिला सतराला, चार दिवस आधीच, तुमच्या शहरात आणायचं, फिरवायचं आणि मनासारखं खायला घालायचं.

एवढी उधळी मी कधीपासून झाले, असं तुझ्या मनात आलं असेल. ऐक. तुझी आई लग्न होऊन आली त्याच वर्षी मला डोळे दाखवायला तिकडे जायचं होतं. सोबत तिला नेलं. निघताना तिने माझ्या हातात एक कागद दिला. शहरात काय बघायचं, कुठे काय खायचं, ते कुठल्याशा मासिकातून सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. मी बघू म्हणाले आणि कागद पर्समध्ये ठेवला. तीन दिवस घरून नेलेला डबा खाल्ला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांखेरीज तिला फक्त प्रार्थनेच्या जागा दाखवल्या. तिथे तिकीट नसतं ना.

गेल्या आठवड्यात जुन्या वह्या आवरताना तो कागद निघाला. माझ्या खर्चाच्या वहीत त्या तीन दिवसांचं पान जवळजवळ कोरं आहे. तेव्हा त्या कोऱ्या पानाचं मला कौतुक वाटलं होतं. आता ते पान उघडवत नाही.

कागदाची नक्कल सोबत आहे. स्टेशनामागचा मनोरा आणि वरची गच्ची, त्याच्याखालचं आइस्क्रीमचं दुकान, सरकता जिना असलेलं चार मजली दुकान, काचघरातले मासे, नदीतली बोट, आणि टेबलावर पांढरी चादर घालतात ते केक-चहाचं हॉटेल. सगळ्यांत खाली तिने लिहिलं आहे, एका बाकावर काही न करता बसणे. यातलं काय शिल्लक आहे ते बघून कळव. आईला कागदाबद्दल बोलू नकोस. जेवण वेळेवर घे. लोभ आहेच, या वेळी थोडी मदतही असू दे.

तुझी,
मोठी काकू

*

दि. ९ फेब्रुवारी

ती. स्व. मोठ्या काकूस,
चिमणीचा शि. सा. नमस्कार. तुझी यादी घेऊन तीन संध्याकाळी पायपीट केली. चष्म्याच्या काचा घासून घासून माझी बोटं गेली आहेत, आता पायही गेले. बिल तुझ्या नावावर.

पांढऱ्या चादरीच्या हॉटेलात आता बँक आहे. पण मागच्या गल्लीत एक बेकरीवाली बाई असा मऊ केक करते की चावायचं कामच नाही, नुसता तोंडात धरायचा. सरकता जिना आहे, फक्त वर नेणारा चालतो, खाली यायला पायच. काचघरात मासे थोडे कमी झालेत, पण एक म्हातारं कासव आहे आणि ते थेट काकांसारखं बघतं. बोट सकाळची घ्यावी, दुपारी नदीला वास येतो. आइस्क्रीमचं दुकान जागेवर आहे. बाहेर पूर्वीचाच लाकडी बाक, म्हणजे शेवटचीही सोय झाली. मलईचं घ्यायचं, रंगीत घ्यायचं नाही, असं तिथल्या मालकिणीने मला स्वतःहून सांगितलं. आणि मनोरा उघडा आहे, लिफ्ट चालू आहे. मी मुद्दाम विचारून आले.

आता अडचण. आई चार दिवस आधी यायला नाही म्हणते. मी कागदाचं बोलले नाही, शप्पथ. नुसतं म्हटलं की काकू तुला मनोऱ्यावर नेणार आहे, खालच्या दुकानात आइस्क्रीम खाऊ. त्यावर ती म्हणाली, त्या दुकानात मी पाऊल टाकणार नाही, आणि जाऊबाईंच्या बरोबर तर नाहीच. कारण विचारलं तर मी येते वीस तारखेला, दवाखान्यात, असं म्हणून तिने फोन ठेवला.

तुमचं दोघींचं काय बिनसलं होतं का? मला तर तुम्ही दोघी एका ताटात जेवताना आठवता. काकांना नमस्कार. माया आहे, तिची मोजदाद करू नये.

तुझी,
चिमणी

*

दि. १२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तू येत नाही म्हणतेस ते कळलं, आणि का तेही मी समजले. तुला माझं खोटं तेव्हाच कळलं होतं, होय ना? तेवीस वर्षं तू ते बोलली नाहीस, हा तुझा चांगुलपणा. आता मला बोलू दे.

त्या वेळी शेवटच्या दुपारी आपण मनोऱ्यापाशी पोचलो. तू मान वर करून बघत राहिलीस, तुझा पदर खांद्यावरून घसरला तरी तुला भान नव्हतं. तिकीट काय आहे ते बघून येते म्हणून मी खिडकीशी गेले, आणि परत येऊन तुला सांगितलं की लिफ्ट बंद आहे, दुरुस्ती चालली आहे. लिफ्ट चालू होती. दोन तिकिटांना पैसे पुरले असते, वर उरलेही असते. खरं तर मला पैशांपेक्षा हे वाटलं की हिचा एक हट्ट पुरवला तर उद्या दुसरा उभा राहील. नव्या सुनेला वळण लावायची घाई थोरल्या जावेला फार असते.

मग मी तुला चपलांवर लक्ष ठेवायला बाहेर बसवलं आणि समोर प्रार्थनेला गेले. चांगली तासभर डोळे मिटून बसले. बाहेर आले तर तू खाली मान घालून उभी, आणि माझ्या चपला गेलेल्या. मी तुला एक शब्द बोलले नाही, आठवतं? तू माझी समजूतदार म्हणून ख्याती केलीस. समजूतदार कसली, मला तिथल्या तिथे कळलं होतं की ही देवाने दिलेली शिक्षा आहे. म्हणून नव्या चपला न घेता मी अनवाणी स्टेशनापर्यंत चालत आले. काच घुसली तीही मुकाट्याने सोसली. टाच दुखली की आजही मला लिफ्ट आठवते.

तू माझ्यावर रागाव, पण ये. ऑपरेशननंतर मला तुला काही खाऊ घालता येणार नाही. हे चार दिवस गेले तर ते मी पुन्हा कुठून आणू? उत्तर लगेच टाक. पूर्वीसारखा लोभ नको, आहे तेवढा दे.

तुझी,
जाऊबाई

*

दि. १४ फेब्रुवारी

ती. स्व. जाऊबाईंना,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आज दुपारी आलं आणि मी शिवणाचं मशीन बंद करून बसले. शाळेचे चाळीस गणवेश तसेच पडले आहेत, शाळेच्या बाई ओरडणार आहेत. ओरडू देत.

तुम्ही उलटंच समजलात. लिफ्ट चालू आहे हे मला तेव्हा कळलं होतं, खरं आहे. पण कसं कळलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, कारण मला कळलं हेच तुम्हाला माहीत नव्हतं.

तुम्ही प्रार्थनेला आत गेलात. मी दहा मिनिटं चपलांपाशी बसले. माहेरून निघताना आईने मुठीत ठेवलेले थोडे पैसे माझ्याकडे होते. मी रस्ता ओलांडून त्या दुकानात गेले आणि आइस्क्रीम घेतलं. चपलांना पाठ करून खाल्लं, म्हणजे तुम्ही अचानक बाहेर आलात तर तोंड दिसू नये. आणि तशी पाठ केल्यामुळेच मला मनोरा दिसत होता. वर गच्चीतून माणसं हात हलवत होती आणि खाली लिफ्टच्या दारातून नवी आत शिरत होती. मला तुमचा राग आला. त्या रागात मी आणखी एक आइस्क्रीम घेतलं. जाऊबाई, दुसरं घेतलं नसतं तर तुमच्या चपला वाचल्या असत्या.

तुम्ही अनवाणी निघालात तेव्हा मी माझ्या काढून द्यायला हव्या होत्या. माझं तोंड गोड होतं, ते उघडायची भीती वाटली. पुढे एकत्र होतो तोवर दर थंडीत मी तुमची टाच शेकत आले, आणि तुम्ही चारचौघांत सांगायचात की जाऊ असावी तर अशी. ती सेवा नव्हती, भीती होती. नंतर नंतर कशासाठी शेकते ते माझं मलाच कळेनासं झालं.

आणि आता हे जिभेचं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते दुकान. ज्या जिभेने चोरून खाल्लं तीच. तुमच्यापाशी बसून तिथेच पुन्हा खायचं, ते माझ्या घशाखाली कसं उतरेल?

हे वाचूनही बोलवत असाल तर कळवा. येईन. पण चपलांवर लक्ष ठेवायला मला सांगू नका. जमलंच तर लोभ ठेवावा.

तुमची,
धाकटी

*

दि. १५ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. चार ओळीच लिहिते, टपाल निघायची वेळ झाली आहे.

मी रोज देवासमोर बसते, तू बसत नाहीस, तेव्हा या बाबतीत माझं ऐक. देव काही माझ्यासारखा वही उघडून बसत नाही. एका आइस्क्रीमसाठी, बरं दोन, तो तेवीस वर्षं थांबून गाठ देईल, असा देव मी तरी पुजलेला नाही. हेच मी चपलांच्या वेळी स्वतःला सांगायला हवं होतं, पण तेव्हा अक्कल कमी होती.

सतराच्या सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनावर उभी असेन. डबा आणणार नाही.

तुझी,
जाऊबाई

*

दि. २३ फेब्रुवारी, दवाखान्याचा व्हरांडा

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आत एकालाच सोडतात आणि आत्ता भावजी तुझ्यापाशी आहेत, म्हणून इथल्या बाकड्यावर बसून लिहिते. चिमणी हे तुझ्या हातात देईल. तुला पंधरा दिवस बोलायचं नाही. लग्नापासून पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा राहणार आहे, त्याचा फायदा घेते.

डॉक्टर मला म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. चवीचं नळी निघाल्यावर कळेल. तुला हे सांगितलंच असेल, पण मी पुन्हा लिहिते, कारण लिहिलं की मला खरं वाटतं.

केक झाला, कासव झालं, बोट झाली. अठराच्या दुपारचं मात्र माझ्या मनातून जात नाही. मनोऱ्याच्या खिडकीशी मी पर्स उघडून गेले, आणि काचेवर पाटी. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे. माझे कान तापले. परत येऊन हे वाक्य तुला सांगायचं कोणत्या तोंडाने? मी रखवालदाराला दंडाला धरून तुझ्यापर्यंत आणलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. त्या बिचाऱ्याला काही कळेना. तू गालाला हात लावून अशी हसलीस की मला वाटलं टाके घालण्याआधीच फाटतंय सगळं.

मग तुला दुकानाबाहेरच्या बाकावर मलईचं आइस्क्रीम देऊन बसवलं आणि मीच म्हणाले की जिन्याने जाते. दोनशे अठरा पायऱ्या आहेत. तू माझ्या टाचेकडे बघून नको नको म्हणत होतीस. पण नव्या चपला चावत होत्या, त्या मी काढल्या आणि तुझ्या शेजारी बाकावर ठेवल्या. तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि त्या उचलून मांडीवर घेतल्यास. तिथून मागे वळणं शक्यच नव्हतं.

वर पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता. कठड्याला धरून मी प्रार्थना केली, या वेळी डोळे उघडे ठेवून. खाली बाकावर तू होतीस, निळी शाल पांघरलेली, नखाएवढी. मी हात हलवला. तू माझ्या दोन्ही चपला एका हाताने डोक्यावर धरून हलवल्यास. लोक वळून बघत होते. तुझं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं ते तुला दिसलं नाही, मला तिथून दिसलं.

आता खरं काम. खाली उतरल्यावर तू विचारलंस वरून काय दिसतं, आणि मी म्हणाले, विशेष काही नाही, छपरं आणि टाक्या. धाकटे, तेही खोटं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले, पण मागचंही तुझ्याच भल्यासाठी म्हणून बोलले होते, तेव्हा ही सवय आता मोडायला हवी. वरून अख्खी नदी दिसते, वळून जिथे जाते तिथपर्यंत. गावाबाहेरची शेतं दिसतात. आपण आलो ती रेल्वे सुतासारखी दिसते. वारा असा येतो की आपण कुणाची जाऊ, कुणाची सून, सगळं विसरायला होतं. मी इतकं सुंदर आयुष्यात काही बघितलं नव्हतं, आणि ते मी तुझ्यापासून तेवीस वर्षं अडवून ठेवलं.

लिफ्ट दहा मार्चला सुरू होते. रखवालदाराला मी दोनदा विचारलं, आता तो मला बघून लांब उभा राहतो. तुझी नळी तोवर निघालेली नसेल. नसू दे, वर काही खायचं नसतं. आपण दोघी जाऊ, आणि चपला पायातच ठेवू.

रागाचा असेल तर राग, आणि लोभाचा असेल तर लोभ, जे उरलं असेल ते माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
जाऊबाई