दोन नंबरच्या गुणसूत्रावरचे शेजारी

४ फेब्रुवारी २००७, मारेगावजवळ, घरी
ताईची लेक सव्वा महिन्याची झाली. समोरच्या खोलीत कापूस, भाव नाही म्हणून पडून. बसलं की अंग खाजतं. म्हणून बाळबाळंतीण मागच्या अंधाऱ्या खोलीत.
माय कौतुकाने म्हणाली, "पोरीचे डोये पाह्य, कसे कायेभोर हायेत."
मी खिडकी उघडली तर पोरगी डोळे गच्च मिटून रडायला लागली. कुशीत घेऊन वाकून पाहिलं. सगळी बाहुलीच. भोवतीचं तपकिरी कडं नाहीच. असे डोळे मी पाहिलेत. उंदराच्या फोटोत.


६ फेब्रुवारी, यवतमाळ
प्रयोगशाळेत सकाळपासून. भिंतीवर आमचा तक्ता, उंदराची गुणसूत्रं. दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारी जनुकं घराण्यांप्रमाणे रंगवलेली. पॅक्सचं घराणं हिरवं, झिंक फिंगरचं लाल.
दोन नंबरच्या गुणसूत्रावर पॅक्स-सिक्स. दोनपैकी एक प्रत बिघडली की डोळ्यातलं कडं नीट बनत नाही. उंदरात, माणसातही. त्याच्या शेजारी लाल ठिपका, डब्ल्यूटी-वन. दिवाळीआधी मीच लावला. सर तेव्हा म्हणाले होते, "शेजारी आहेत, घराणं एक नाही."
माणसातही हे दोघे शेजारीच. तिथला तुकडाच गळला असेल तर दोन्ही जातात. मग मूत्रपिंडात गाठ होऊ शकते. लहानपणीच.
आज तक्त्याकडे पाठ करून बसले.

१२ फेब्रुवारी
ताईला आणि बाळाला घेऊन वर्धेला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मला वाटलं तेच निघालं. ताईचे डोळे तपासले, ठीक आहेत. डॉक्टर म्हणाले, "वडिलांना आणा. त्यांच्याकडून आलं असेल तर गाठीची भीती फार कमी. नसेल, किंवा तपासता आलं नाही, तर दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, काही वर्षं."
परतताना ताई यवतमाळच्या स्टँडवर बोलली.
"त्यायले आणाचं नाव काढू नको."
"का?"
"चष्मा काढला की ते बी पोरीसारखेच."
भाऊजी लग्नात मांडवातही काळा चष्मा लावून होते. आम्ही मुली हिरो, हिरो म्हणून चिडवायचो. ते हसायचे.
"मग सासूबाईंना सांग ना. त्या तर ग्रहणाचं घेऊन बसल्यात."
"पाह्यलंच नाही मी ग्रहण. पण राहू दे तसंच. माही चूक असली तर माफ करतीन त्या. लेकाचे डोये ठाऊक हायेत त्यायले, पण त्याच्या रक्तात हाय म्हटलं तर मले घरात राहू देतीन का?"
मी सगळीकडे सांगत फिरायचे, कळलं की अंधश्रद्धा जाते. ताईला तर माझ्या आधी कळलं होतं.

१८ फेब्रुवारी, घरी
सासूबाई न्यायला आल्या, जीप करून. भाऊजी आले नाहीत. "पोरगा कापसापाशी थांबला," म्हणे.
मला पाहून म्हणाल्या, "काय म्हणतेत वं तुये उंदरं?"
माय हसली. हसावंच लागलं.
ताई पाया पडली. "चुकलं माह्यं, आत्याबाई. ग्रहणात बाहेर निंगाले नाही पाह्यजे होतं." सासूबाईंचा चेहरा सैल झाला. नातीला उचलून पदराखाली घेतलं, ऊन लागू नये म्हणून. जपून घेतलं. तेच पाहवलं नाही.
मी तोंड उघडलं. बाबांनी नुसतं पाहिलं माझ्याकडे.
मी एवढंच म्हणाले, "दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करा तिची."
"पोटाची कायले? दुखणं डोयाचं ना?"
उत्तर होतं. डॉक्टरांचं नाव पुढे केलं.
जीप गेल्यावर मायने मागच्या खोलीची खिडकी सताड उघडली, खोली झाडली. मी बाजेवर बसून राहिले.

२६ फेब्रुवारी, यवतमाळ
ताईला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सासूबाईंनी घेतला. सोनोग्राफीचं विचारलं. "पाहू, कापूस जाऊ दे."
सरांनी विचारलं, काम का अडलंय? तब्येत बरी नाही म्हटलं.

११ मार्च
होस्टेलच्या फोनवर भाऊजी. मला कधी फोन करत नाहीत. आवाजामागे ट्रक.
"कापूस अजून घरातच हाय," म्हणाले.  मग, "वैशाली, तुमच्या उंदरांत बापाचे डोये तपासतेत काय?"
"तपासतात, भाऊजी."
"दुखते?"
"नाही. उजेड टाकून पाहतात फक्त."
"उजेडच तं नाही सहन होत मले." हसले थोडं. "आईले नको सांगू."
"नाही सांगत."
वर्धेच्या डॉक्टरांचे वार विचारले. सोमवार आणि गुरुवार, म्हटलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिले, पाठ करावे तसे. येतो म्हणाले नाहीत. फोनही ठेवला नाही. मीही धरून उभी राहिले.