एकाच सशाचे दोन डोळे

७ जून

मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी दोन ससे आणून ठेवलेत भाच्याने! माझा नव्हे, ह्यांचा भाचा. डोळ्यांचं औषध काढलंय म्हणे — झाडपाल्याचं. त्याने डोळ्याला अपाय होत नाही ना, ते सशांवर बघायचं. प्रयोगशाळेने दारातूनच परत पाठवलं, म्हणून आमचं घर. "मामी, एका डोळ्यात थेंब, दुसरा तसाच ठेवायचा. तू फक्त ससा धरून बस." मी साफ नाही म्हटलं. तर हे मान खाली घालून, "असू दे गं. ताई गेल्यापासून त्याला आपणच आहोत." झालं.

९ जून

शेवटी मीच धरला. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर. ससा ओरडत नाही. नुसता थरथरतो. शी!

१२ जून

दोघांचेही उजवे डोळे लालभडक. एकाच्या पापण्या पुवाने चिकटल्यात. बाल्कनीत आंबूस वास. भाचा म्हणतो, "लाली येणारच मामी, आतली घाण बाहेर पडतेय." घाण कुठे आहे ते मला विचार म्हणावं!

कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसत बसले. मिशनच्या शाळेतल्या सिस्टर आठवल्या. खेळताना डोळ्यात कचरा गेला की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, माझी हनुवटी धरायच्या आणि रुमालाच्या टोकाने अलगद कचरा टिपायच्या. हातांना साबणाचा वास. "वर बघ, आभाळात काय दिसतं ते सांग." मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगायची. सशाला काय विचारू?

१३ जून

बघवत नाही.

१६ जून

भाचा फोटो काढायला आला. आधी लाल डोळ्याचा काढला. मग ससा फिरवला आणि दुसऱ्या डोळ्याचा, ज्यात औषधाचा थेंबही गेला नव्हता. संध्याकाळी मोबाईलवर जाहिरात हजर! एका बाजूला 'औषधाआधी', दुसऱ्या बाजूला 'औषधानंतर'. ज्या औषधाने डोळा नासला, त्यानेच बरा केला म्हणून दाखवतोय! किळस आली मला त्याची.

"लाज नाही वाटत?" तर हसतो. "मामी, जाहिरात आहे ती, बायबल नाही तुझं. आणि आता पाणी इतकं वाढवलंय की कुणाला काही होणार नाही." म्हणजे गुणही येणार नाही. जाताना ससे घेऊन गेला. त्यांचं काय करणार, विचारलं. "मामी, तू पण ना!"

१९ जून

ह्यांनी त्याचे थेंब सुरू केले! डॉक्टरांचे बंद! काचबिंदू आहे ह्यांना. डोळ्यातला दाब वाढून गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. डॉक्टरांचे थेंब चुरचुरतात म्हणून हे निम्मे दिवस ते टाळायचे. मी फोटोची सगळी हकिगत सांगितली. म्हटलं, अहो, नुसतं पाणी आहे ते! तर म्हणतात, "माझ्या माणसांचं तुला कधी चांगलं दिसलंय?"

इतक्या वर्षांनी 'माझ्या माणसांचं'!

लग्न झालं तेव्हा माझ्या सुईत दोरा हेच ओवून द्यायचे. एका झटक्यात. आणि वर माझ्या नाकासमोर सुई नाचवायचे.

२० जून

हे अंघोळीला गेल्यावर भाच्याची बाटली बेसिनमध्ये ओतली. उकळत्या पाण्याने धुतली, वाळवली. डॉक्टरांचं औषध तिच्यात भरलं. थेंब घातल्यावर हे डोळे मिटून म्हणाले, "बघ, हेही चुरचुरतात. म्हणजे लागू पडतंय!"

पदर तोंडात कोंबून हसले.

१८ जुलै

तपासणी झाली. दाब उतरलाय, पूर्वी कधी नव्हता इतका! उतरणारच — आता एक दिवस चुकत नाहीत, भाच्याचे ना! डॉक्टर खूश. "हेच चालू ठेवा." हे मिशीत हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खरं सांगितलं, तर रागाने दोन्ही बाटल्या फेकून देतील. नकोच. डोळे वाचताहेत, पुरे.

२३ जुलै

भाच्याने ह्यांना खुर्चीत बसवून व्हिडिओ काढला. नवा सदरा, केस विंचरलेले. "माझा दाब ह्या थेंबांनी उतरला." किती सरळ चेहरा! ह्यांना खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. बघणाऱ्याला पटणारच. मी आत ओट्याला धरून उभी. पुन्हा तशीच किळस. पण ह्या वेळी भाच्याची नव्हे, माझी.

२७ जुलै

समोरच्या वहिनींनाही काचबिंदू आहे. आज जिन्यात भेटल्या. हातात भाच्याची बाटली. "डॉक्टरांचं औषध बंद केलं हो मी. भाऊंचा व्हिडिओ बघितला ना!"