नोआ ही मुलगी असल्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, पहिला मजला.

विषय : माझ्या मुलीचे नाव 'नोआ' व लिंग 'स्त्री' असा दाखला आजच्या आज मिळणेबाबत.

संदर्भ : खिडकी क्रमांक चारवर दिलेले माझे तीन अर्ज व त्यांवर झालेल्या तीन दुरुस्त्या.

महोदय,

१. मी लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. मुलीच्या जन्मानंतर मी नाव 'नोआ' असे स्वच्छ अक्षरांत लिहून दिले होते. दाखल्यावर 'नोहा, पुरुष' असे आले. विचारले असता खिडकीवरील कारकूनसाहेब म्हणाले, "नोआ असं नाव नसतं हो. नोहा असतं, आणि ते पुरुषाचं. मीच नीट करून दिलं." त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल माझी तक्रार नाही.

२. तथापि ही नावे दोन आहेत. माझ्या सासूबाई हिब्रूच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या सांगण्यानुसार मूळ लिपीत दोन्हींची अक्षरेसुद्धा वेगळी. नोहा म्हणजे विसावा. नोआ म्हणजे हालचाल, झुलणे, थरथरणे. म्हणजे आपल्या कार्यालयाने नेमका उलटा अर्थ चिकटवला आहे.

३. हे नाव हौसेखातर ठेवलेले नाही. आठव्या महिन्यात एके दिवशी सकाळपासून बाळ हलेना. नर्सबाई पोटावर यंत्र फिरवून ठोके शोधत होत्या. सासूबाई परदेशातून फोनवर होत्या. मी खोलीत येरझारा घालत होतो, म्हणून मला बाहेर काढण्यात आले. थोड्या वेळाने आतून पत्नी ओरडली, "अहो, लाथ मारली!" फोनवरून सासूबाई रडत म्हणाल्या, "मुलगी झाली तर नोआ."

४. पहिल्या अर्जावर नाव 'नोआ' झाले, लिंग 'पुरुष' राहिले. कारण असे कळले की, "अर्ज नावाचा होता, लिंगाचा वेगळा करा." केला. लिंग 'स्त्री' झाले, पण जुनी नोंद उघडल्याने नाव पुन्हा 'नोहा' झाले. तिसऱ्या अर्जावर दोन्ही बरोबर आली, मात्र आईच्या रकान्यात मी आणि बापाच्या रकान्यात पत्नी गेली. कारकूनसाहेबांनी मला समजावले, "मुलीचं तर झालं ना काम? तुमचं पुढे बघू." आजमितीस मी माझ्या मुलीची आई आहे.

५. या दाखल्यावर पासपोर्ट कार्यालय मुलीचा पासपोर्ट देईना. दरम्यान सासूबाईंनी अंथरूण धरले. डॉक्टरांनी पत्नीला "लवकर या" एवढेच सांगितले. अंगावर पिणारी मुलगी माझ्याकडे ठेवून ती परवा एकटी गेली. निघताना दारातून तीनदा परत आली. मुलगी बाटली तोंडात धरत नाही. तिला खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते जिना असा फिरत असतो, बसलो की ती रडते. हा अर्ज उभ्यानेच लिहिला आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी.

६. कारकूनसाहेबांनी काल एक तोडगा सुचवला : "एखादं साधं नाव घ्या, सगळी नोंद नव्याने करतो, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल." मी थकलो होतो. मी पत्नीला फोन लावला. ती काही बोलण्याआधी सासूबाईंनी फोन मागून घेतला असावा, कारण त्यांचाच आवाज आला. फार बारीक झाला आहे. "ती कुठेय? तिच्या कानाला लाव." मी लावला. पलीकडून त्या नुसते नाव घेत राहिल्या, पुन्हा पुन्हा. मुलगी रडायची थांबली आणि फोन चाटू लागली. मी कारकूनसाहेबांना नको म्हणून सांगितले.

७. हे नाव कुठून आले तेही नमूद करतो. जुन्या धर्मकथेत, ज्यांना भाऊ नव्हता अशा पाच बहिणी वडिलांच्या वाट्याची जमीन मागायला भर सभेत प्रमुखापुढे उभ्या राहिल्या. त्यांतली एक नोआ. प्रमुखाने त्यांना खिडकी दाखवली नाही. त्याने ऐकून घेतले, वर देवाला विचारले, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

८. आज सकाळच्या फोनपर्यंत सासूबाई आहेत, आणि मुलीला त्यांच्याकडे न्यायचे आहे. म्हणून हा अर्ज खिडकीवर न देता शिपायाहाती आत पाठवत आहे. कृपया दार उघडून स्वतः पाहावे व खात्री करावी. हाक मारल्यास ती मान वळवते.

आपल्या दाराबाहेर उभा,
आपला नम्र,
(सही)
मुलीचा बाप

दिनांक : आजचाच

सोबत :
१. दाखले, चारही.
२. प्रसूतिगृहाचे कार्ड.
३. मुलगी, समक्ष, कडेवर.