चिरंजीवांचा एसी

सोमवार, ८ एप्रिल
एसी पुन्हा घुरघुरतोय. पाणी टपकतं ते नेमकं सूनबाईच्या उशीवर. चिरंजीव खाली बादली लावून मोकळे! "चालतोय ना, आई? मग सर्व्हिसिंग कशाला? लुटतात नुसते." स्वतःची गाडी मात्र न चुकता गॅरेजात. गाडी लाडकी, बायको दोडकी!

मंगळवार, ९ एप्रिल
सूनबाई सकाळभर खोकली. डॉक्टरांकडे पुन्हा खेप. म्हणाले, धूळ सोसत नाही. औषधांचा खर्च सर्व्हिसिंगच्या वर गेला, पण हे चिरंजीवांना सांगणार कोण?
"तुम्हीच सांगा ना, आई."
म्हणजे वाईट मी व्हायचं! बरं. त्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

गुरुवार, ११ एप्रिल
दोघं कामावर गेली आणि मी एसीच्या दुकानात फोन फिरवला. मालकीण स्वतःच आली — खांद्यावर शिडी, आवाज फौजदाराचा.
"शेवटची सर्व्हिसिंग कधी, आजी?"
"घेतल्यापासून कुणी हात लावलेला नाही. अगदी ब्रह्मचारी!"
हसता हसता शिडीवरून पडायची बाई.
जाळी काढली तर धुळीचं अख्खं घोंगडं! आत बुरशी. पाणी जायची नळी तुंबलेली, म्हणून गळती. पंपाने धुतलं तेव्हा जे काळंकुट्ट पाणी आलं — गटारालाही लाज वाटावी. "अजून एक उन्हाळा असा काढला असता तर कॉम्प्रेसर बसला असता," ती म्हणाली. "मग रडत बसला असतात."
पैसे माझ्या पेन्शनमधून. पण ते पाणी मी ओतू दिलं नाही. काचेच्या बरणीत भरून ठेवलं!

त्याच दिवशी, रात्री
बरणी चिरंजीवांच्या ताटाशेजारी ठेवली.
"हे काय, आई?"
"तुझी बचत. थोडी तुझ्या बायकोच्या छातीत गेली, उरलेली ही."
घास हातातच राहिला. सूनबाई तोंडावर ओढणी दाबून हसत होती — हसता हसता खोकली. तो उठून खोलीत गेला. मला वाटलं, चिडला. बघते तर एसीखाली उभा, तिची उशी हातात. "मला वाटलं, साधी सर्दी आहे..."
मग हळूच, "किती झाले?"
"नाही सांगत जा! झोंबू दे."

रविवार, १४ एप्रिल
खोकला बराच उतरला. एसीचा आवाज नाही, गळती नाही. पण मला कुठली चैन! बरणी घेऊन शेजारी गेले, मग वरच्या मजल्यावर, मग खालच्या. ज्याने बरणी पाहिली त्याने दुकानात फोन केला. एका आजोबांनी तर माझ्यासमोरच.
चिरंजीव म्हणे, "आई, लोक काय म्हणतील?"
"खोकायचे थांबले की म्हणतील!"

सोमवार, २२ एप्रिल
आजपासून मी नोकरीला! काल दोघं बाजारात गेली होती तेव्हा दुकानाच्या मालकीणबाई घरी आल्या होत्या — "माझ्यावर गिऱ्हाईक चिडतं, तुमच्यापुढे नमतं. फोनवर बसाल?" घरात अजून बोलले नाही. पहिला फोन मुद्दाम चिरंजीवांना लावला, आवाज बदलून. "साहेब, एसीची सर्व्हिसिंग..."
"ते आमच्याकडे आई बघते," तो म्हणाला. "ती म्हणेल तसं."
पुढचा नंबर लावायला जरा वेळच लागला.